ऑनलाइन सायकल घेतली म्हणून दुकानदार दारात उभं करेना

या वेळच्या पत्रांत सायकलपेक्षा सायकलवाल्यांबद्दलच जास्त लिहिलंय लोकांनी. पाऊस गेला, सायकली पडवीतून बाहेर निघाल्या, दुकानात गेल्या, आणि तिथे जे काय झालं ते सगळं आमच्याकडे येऊन पडलं. दुकानांची नावं आम्ही कापलीयत, त्याबद्दल रागावू नका. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तक्रारी बऱ्याचशा सारख्याच आहेत त्यामुळे निवडक घेतो.

मुलासाठी सेलमध्ये ऑनलाइन गिअरची सायकल मागवली. खोक्यात अर्धवट जोडलेली आली. गावातल्या दुकानात नेली तर मालक म्हणाला, जिथून घेतलीत तिथेच जा. दुसऱ्याने फिटिंगचे ६०० सांगितले. शेवटी भाच्याने व्हिडिओ बघून जोडली, पण मुलगा म्हणतो वळताना पाय पुढच्या चाकाला लागतो आणि सायकल हातात राहत नाही. दुकानदाराने असा नकार देणं बरोबर आहे का?
— एक पालक, गुहागर

आधी मुलाला सायकलवरून उतरवा, दुकानदाराचं नंतर बघू. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आपला चिमटा, उलटा बसलाय असं मला जवळपास नक्की वाटतंय. खोक्यात हँडल मोकळं करून आडवं ठेवलेलं असतं, चिमटा अर्धा फिरलेला असतो, आणि घरी जोडणारा माणूस तो फिरलाय हे न बघता हँडल तेवढं सरळ करून बोल्ट आवळतो. ओळखायचं कसं, तर सायकल बाजूने बघा. चिमट्याची खालची टोकं पुढे गेलेली दिसली पाहिजेत, मागे पॅडलकडे नाही. डिस्क ब्रेक असेल तर पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा भाग, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा, उजवीकडे दिसला की समजा उलटा. साधा रबराचा ब्रेक असेल तर तो चिमट्याच्या पुढच्या अंगाला हवा. उलटा चिमटा असला की चाक पायाच्या जवळ येतं म्हणून बूट घासतो आणि उतारावर हँडल थरथरतं. गुहागरला कुठल्याही बाजूने आलात तरी घाट आणि चढउतार आहेतच, तेव्हा हे गंमतीत घेऊ नका.

पॅडल पण बघून घ्या. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या विरुद्ध फिरवून आवळायचं. एल आणि आर कोरलेलं असतं पॅडलच्या टोकाला. जोर लावून उजवं डावीकडे घुसवलं असेल तर क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला लागतं त्याचे, आटे गेले, मग पॅडल बदलून भागत नाही, क्रँकच बदलावा लागतो. शेवटची एक टेस्ट, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक लागली तर तिथलं आवळणं चुकलंय.

आता दुकानदार. तुम्ही त्याच्याकडून घेतलेली नाही म्हणून त्याने फुकट काही करावं असा काही नियम नाही, आणि ६०० रुपये जास्त आहेत असंही मला वाटत नाही. नीट फिटिंग म्हणजे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून ग्रीस आहे का बघणं, दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे डुलणं, काढणं, गिअर लावणं, ब्रेक लावणं, एका माणसाचा दीड-दोन तासांचा वेळ जातो. पण "जिथून घेतलीत तिथे जा" हे मात्र धंदा न कळणाऱ्याचं बोलणं झालं. त्या सायकलला पुढची पाच वर्षं ट्यूब लागणार, केबल लागणार, चेन लागणार, आणि ते सगळं काय मुंबईहून येणार आहे का? ज्याने ६०० सांगितले त्याच्याकडे जा, चिमटा काढून पूर्ण परत फिट करायला सांगा, आणि पावती घ्या.

आणि सायकलमध्येच दोष निघाला तर ऑनलाइन कंपनीचे हात झटकणंही चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. खोकं फोडतानाचे फोटो असतील तर उत्तम, खोकं मात्र लगेच शेणीच्या खोपटात टाकू नका.

नवीन सायकल घेऊन तीन आठवडे झाले, मागच्या बाजूला फ्रेमच्या जोडाला रेषेसारखी चीर दिसतेय. दुकानदार बिलावर बोट ठेवतो, तिथे छापलंय "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". आता काय?
— रत्नागिरी

ते वाक्य छापून कायदा बदलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, त्यात सदोष माल परत न घेणं आणि पैसे परत न करणं हे सरळ सरळ लिहिलेलं आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलीच नसेल तर ३० दिवसांत. तुमचे तीन आठवडेच झालेत, म्हणजे आजच लेखी द्या, उद्यावर ढकलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चीर दिसेल असा फोटो, तारीख, फ्रेम नंबर. हा नंबर सायकल उलटी केली की पॅडलच्या मधल्या नळीखाली ठोकलेला सापडतो, तोच बिलावर आहे का तेही बघा.

पण एक, हे सदोष मालापुरतंच आहे. रंग आवडला नाही, बायकोला उंच वाटली, भावाने तीच पाचशे रुपये कमीत आणली, असल्या कारणाने परत घ्यायला दुकानदार बांधील नाही. अशी पण पत्रं येतात म्हणून सांगतोय.

फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या देतात आणि तो क्लेम दुकानदारामार्फतच जातो, त्यामुळे भांडायला जाण्याआधी त्याला "कंपनीला मेल टाका आणि मला कॉपीत ठेवा" असं शांतपणे सांगून बघा, अर्ध्या केसेस तिथेच मिटतात. नाही मिटली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने पण नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुमचा रत्नागिरीतच आहे, सिंधुदुर्गवाल्यांचा ओरोसला, रायगडवाल्यांचा अलिबागला. वस्तू ५ लाखांच्या आतली असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि सायकल पुण्याहून घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. फक्त बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर शंभर-दोनशे वाचवणाऱ्यांना इथे घाम फुटतो. आणि मागूनही बिल न देणं हे त्याच यादीत अनुचित प्रथा म्हणून आहे, तेव्हा बिल मागायला लाजू नका. सायकलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे "बिल केलं तर फार महाग पडेल" हे पण आता तितकंसं खरं नाही.

एका पावसाळ्यात सायकल गंजली. चेन लाल, बोल्ट लाल, सीटचा दांडा तर हलतच नाही. दुकानात विचारलं तर "गंज वॉरंटीत नाही" एवढंच उत्तर. मग वॉरंटी असते कशाला?
— हर्णै. याच अर्थाची पत्रं मुरुड, मालवण आणि वेळासहूनही.

गंज वॉरंटीत नसतो हे त्याचं बरोबर आहे, बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दुकान आहे, रोज दहा गंजलेल्या सायकली समोर येतात, आणि नवीन सायकल विकताना गिऱ्हाइकाला दोन वाक्यं सांगायला याला काय होतं? बंदरातला कोणीही होडीचं इंजिन विकताना खाऱ्या पाण्याबद्दल बोलल्याशिवाय विकत नाही. सायकलवाला मात्र स्टिकर लावून, घंटी वाजवून दाखवून मोकळा.

तर ती दोन वाक्यं जरा लांबवून मीच सांगतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे किनाऱ्यावरची सायकल वरून कोरडी दिसली तरी मिठाच्या थराखाली ओलीच असते, आणि त्यातला क्लोराइड लोखंडाला सोडत नाही. पुण्याच्या माणसाने सांगितलेली सर्व्हिसिंगची मुदत इथे चालत नाही.

दर आठवड्याला, आणि किनाऱ्यावर वाळूत चालवली असेल तर त्याच दिवशी, गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि तांब्या पुरे. गाड्या धुतात त्या प्रेशर पंपाखाली सायकल धरू नका, पाणी हबमध्ये आणि मधल्या नळीत घुसतं, ग्रीस बाहेर येतं आणि छर्रे आतून गंजायला लागतात, बाहेरून सायकल अशी चकाचक की बघत राहावं. धुतल्यावर फडक्याने पुसा, उन्हात उभी करा, मग चेनला तेल. तेलाचा थेंब कडीच्या आत गेला पाहिजे, वरून जे दिसतं ते पुसून टाकायचं, नाहीतर आपली तांबडी माती आणि वाळू त्याला चिकटून चेनचं सँडपेपर होतं. पावसात घट्ट, न धुतलं जाणारं वेट ल्यूब, उन्हाळ्यात पातळ.

खोबरेल घालू नका. माहितीये, घरचं असतं, घाण्यावरून ताजं आणलेलं असतं, आजोबा पण तेच घालायचे. पण खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली थिजतं, डिसेंबरच्या पहाटे चेनमध्ये त्याचा चिकट थर होतो आणि धूळ धरून ठेवतो. गाडीचं काळं जुनं इंजिन ऑइलही नको, त्यात धातूची बारीक घाण असते. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे पाणी हाकलायला आणि गंजलेला बोल्ट सोडवायला बरा, पण त्यालाच चेनचं तेल समजू नका, चार दिवसांत उडून जातं. आणि डिस्क ब्रेक किरकिर करतो म्हणून डिस्कवर तेल सोडणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार, पॅड गेले म्हणून समजा, आणि पहिल्या उतारावर ते कळतं.

सीटच्या दांड्याचं. तुमचा दांडा बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडाची असणार. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड जमते, ती फुगते आणि दांडा फ्रेममध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. दुकानातला पोऱ्या अशा वेळी हातोडी उचलतो. त्याला थांबवा. दोन-तीन दिवस गंज सोडवायचं तेल सोडत राहा, सीटला धरून थोडं डावीउजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा, वर ओढू नका, आधी फिरला पाहिजे. निघाला की आतून साफ करून ग्रीस लावून बसवा, आणि दर पावसाळ्याआधी एकदा काढून परत ग्रीस. पॅडलच्या आट्यांनाही तेच. हे काम नवीन सायकल देतानाच करून दे म्हणून दुकानदाराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे आणि ते तो करतो का यावरून दुकान कसं आहे ते कळतं.

आणि पावसाळ्यात ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका बाबांनो, आत घाम धरतो. पडवीत वारा लागेल अशी टांगा.

२६ ची ट्यूब-टायर मागितली, दुकानदाराने दिली, घरी आणून बसवतोय तर टायर रिमवर चढतच नाही. परत घ्यायला तयार नाही.
— श्रीवर्धन

२६ म्हणजे एकच साइज नाही. जुन्या साध्या सायकलची २६ बाय १ ३/८ ही ५९० मिलिमीटर रिमची, आणि गिअरच्या एमटीबीची, म्हणजे माउंटन बाइकची, २६ बाय १.९५ ही ५५९ ची, एकीचं टायर दुसरीला कधीच बसणार नाही. तसंच काळी २८ ची सायकल ६३५, आणि हायब्रिडची ७००सी ६२२, ही दोन्ही लोक सर्रास एकच समजतात. जुन्या टायरच्या कडेला बारीक आकड्यात ५०-५५९ किंवा ३७-५९० असं छापलेलं असतं, त्याचा फोटो दुकानात दाखवायचा. आकडा न विचारता टायर हातात देणारा दुकानदार असेल तर चूक त्याची आणि बदलून द्यायला हवं. तुम्हीच "२६ द्या" म्हणून घाईत घेऊन आला असाल तर गोड बोलून बघा.

मी ३४ वर्षांची आहे, रोज पाच-सहा किलोमीटर चालवायची म्हणून सायकल बघायला गेले. नवरा सोबत होता. मालक सगळं त्यांच्याशीच बोलत होता, बजेट त्यांना विचारलं, उंचीपण त्यांना विचारली! मला थेट पुढे बास्केटवाली गुलाबी "लेडीज" काढून दिली. मला गिअरची हवी होती. आमच्याकडे दुसरं मोठं दुकान नाही.
— दापोली

ताई, पत्र वाचून हसू पण आलं आणि चीड पण. सायकलला बाई-पुरुष नसतं, उंची असते. सायकलवर उभं राहून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की वरच्या दांड्यावर इंच-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे, आणि सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली, पॅडल सगळ्यात खाली असताना, तर पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका वाक येतो. हे दोन्ही जमलं तर ती सायकल तुमच्या मापाची, मग ती कोणाच्या नावाने का विकेना. हँडलपर्यंत हात ताणून जावं लागत असेल तर एक साइज लहान मागा. फ्रेमचे साइज असतात, एस एम एल, दुकानात बहुतेक मधला एकच ठेवलेला असतो आणि तोच सगळ्यांना "परफेक्ट" बसतो, हे लक्षात ठेवा.

दापोलीत राहता म्हणजे गिअर हवेतच, आंजर्ल्याकडे उतरून परत वर यायचं तर बास्केटवाली ढकलत आणावी लागेल. पुढच्या वेळी एकट्या जा किंवा मैत्रिणीला घेऊन जा, आणि पहिलं वाक्य "मला चालवून बघायचीय" हे असू दे. चालवून बघू देत नसेल तर पैसे देऊ नका. हवा त्या साइजचं मॉडेल अ‍ॅडव्हान्स घेऊन मागवून देतो का विचारा, छोटी दुकानं बऱ्याचदा देतात, आणि मागवून दिलं तर फिटिंग आणि पहिली सर्व्हिस तिथेच होते. ही पहिली सर्व्हिस महिन्याभरात कराच, नव्या केबल ताणतात, चाकाच्या तारा बसतात, म्हणून गिअर उड्या मारायला लागतात आणि लोकांना वाटतं सायकलच भंगार.

नवऱ्याला घेऊन गेलात तर बाहेर चहा प्यायला पाठवा.

दुकानदार म्हणतो ही ई-सायकल ताशी ३५ ने जाते आणि लायसन, पासिंग काही नको. खरं का?
— अलिबाग

दोन्ही एकत्र खरं नसतं. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, तरच नोंदणीतून सूट. ३५ ने पळणारी गाडी कायद्याने सायकल राहत नाही. हे तो बिलावर लिहून देतो का विचारा, तिथेच आवाज खाली येईल.

सायकल घेतलंय तेवा गोड बोललो, तीन सर्व्हिस फ्री म्हणान कार्ड दिल्यान. आता गेलंय की म्हणता उद्या ये, परवा ये. सायकल पंधरा दिवस थयच पडली हा. काय करूचा?
— मालवण

फ्री सर्व्हिसचं कार्ड म्हणजे सायकलच्या किमतीत तुम्ही आधीच दिलेले पैसे, उपकार नाही. कार्डावर मुदत बघा, सायकल कधी टाकलीत ते मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे उद्या "मुदत संपली" म्हणता येणार नाही. आणि वार मागा. "उद्या ये" नको, "बुधवारी संध्याकाळी". वार सांगितला नाही तर सायकल उचलून आणा, तिथे पडून ती सुधारणार नाहीये.

तुम्ही नेहमी गिऱ्हाइकाचीच बाजू घेता. माझं छोटं दुकान आहे. लोक मोबाइलवर भाव दाखवतात, मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगला दोन हजार हसत देतात आणि सायकलच्या ओव्हरहॉलला ४०० सांगितले तर "एवढे?" म्हणतात. हवा फुकट, सल्ला फुकट. आम्ही कसं करायचं?
— देवगड

तुमचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण मला ते पटलं. ऑनलाइनच्या भावाशी मारामारी करू नका, हरणार. तुमच्याकडे हात आहेत आणि तेच विका. मजुरीचा बोर्ड लावा, खडूने लिहिला तरी चालेल: पंक्चर, आउट काढणे, ब्रेक-गिअर सेटिंग, पूर्ण ओव्हरहॉल, ऑनलाइन सायकलचं फिटिंग. भाव भिंतीवर असला की घासाघीस निम्मी होते, तोंडी सांगितला की प्रत्येकाला वाटतं मला बघून वाढवला. सुटे पार्ट खोक्यावरच्या एमआरपीच्या वर विकू नका, कमाई मजुरीत दाखवा आणि उघड दाखवा.

सायकल आत घेताना हँडलला चिठ्ठी बांधा, नाव, फोन, काय करायचंय, कधी देणार. पार्ट बदलायचा असेल तर आधी फोन, आणि जुना पार्ट पिशवीत घालून परत. झिजलेली चेन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून पट्टीने मोजून दाखवा, नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या (आतली-बाहेरची मिळून एक) बरोबर १२ इंच भरतात, त्याची जुनी जर एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेनसोबत मागचे दाते पण गेलेत हे तुम्हाला तोंडाने सांगायला लागत नाही. मग ४०० ला "एवढे?" कोणी म्हणत नाही, म्हणजे म्हणतो एखादा, तो कुठेही म्हणणारच.

हवा फुकटच ठेवा, पण पंप बाहेर ठेवा आणि प्रेशरचा काटा असलेला ठेवा. मे महिन्यात मुंबईकर पोरं आली की तुमच्याकडे रांग लागते आणि तेव्हाच तुम्ही सगळ्यांना "उद्या" म्हणता, वरचं मालवणचं पत्र वाचा. त्या महिन्यात ओव्हरहॉल घेऊच नका, पंक्चर आणि ब्रेक तेवढे करा, बाकीच्यांना जूनची तारीख लिहून द्या.